आमच्या चर्चमध्ये अन्य भाषा, ड्रम आणि "संदेश" : कमिटीने काय करायचं?

कोपरी_सेक्रेटरी
जय ख्रिस्त मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमचं चर्च ठाण्यातलं, जुनं, मराठी. नाव लिहीत नाही, ज्यांना कळेल त्यांनीही इथे लिहू नका प्लीज. रविवारी सकाळी साडेआठची उपासना, छापील क्रमाप्रमाणे, उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातली गीतं, पेटी आणि एक म्हातारा ऑर्गन जो पावसाळ्यात निम्मे सूर गिळतो. शुक्रवारी संध्याकाळी युवक संघाची प्रार्थना सभा असते, आधी आठ-दहा पोरं यायची, कमिटीचं तिकडे लक्षही नव्हतं.

गेल्या वर्षी कोणीतरी नवी मुंबईतल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीचे (म्हणजे स्वतंत्र चर्चचे) पाहुणे बोलावले आणि तिथून सगळं सुरू झालं. आता शुक्रवारी हॉल भरतो, ड्रम-गिटार आलं, सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, काही जण अन्य भाषेत (म्हणजे न शिकलेली, आत्म्याने दिली असं मानतात ती भाषा) बोलतात, डोक्यावर हात ठेवला की काही जण मागे पडतात आणि पकडायला दोन पोरं आधीच मागे उभी असतात. इथवर शुक्रवारपुरतं होतं म्हणून कोणी बोललं नाही. मागच्या महिन्यात रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत एक मुलगी मोठ्याने अन्य भाषेत सुरू झाली, पाळकसाहेब थांबले, दोन ज्येष्ठ सभासद उठून बाहेर गेले, आणि त्या संध्याकाळी माझा फोन काही बंद झाला नाही.

त्यात अजून एक भर. एका कुटुंबाला शुक्रवारच्या सभेत "संदेश" (म्हणजे देवाचा निरोप म्हणून कोणीतरी सांगतं तो) मिळाला की घणसोलीचा फ्लॅट घेऊ नका, प्रभूने तुमच्यासाठी पनवेलकडे जागा ठेवलीय. त्यांनी टोकन सोडलं. पनवेलकडे अजून तरी काही दिसत नाही.

आता कमिटीत एक गट म्हणतो सगळं बंद करा, दुसरा म्हणतो बंद केलंत तर पन्नास पोरं एका रविवारात निघून जातील. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

नगरची_मावशी
बंद करा. एवढा विचार कसला करता सेक्रेटरी साहेब. आम्ही नगरला वाढलो, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात, तिथे पण टाळ-तबला होता, भजनं होती, रात्र रात्र कीर्तनं व्हायची, पण कोणी जमिनीवर लोळत नव्हतं. प्रेषित पौलानेच लिहून ठेवलंय ना बायबलमध्ये, करिंथकरांस पहिल्या पत्रात, १ करिंथ १४ च्या शेवटी, सगळं शिस्तवार होऊ द्या. आता शिस्तवार म्हणजे काय हे पण पोरांना समजावून सांगायचं का? माझ्या मुलाकडे ऐरोलीला गेले होते, त्याने नेलं त्याच्या चर्चला, एकच ओळ वीस मिनिटं गात होते आणि आवाज असा की माझं कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. प्रवचन झालं कधी ते कळलं पण नाही.

अग्नी_कोपरखैरणे
मावशी सलाम, राग मानू नका पण १४ व्या अध्यायातलं शेवटचं एक वचन सगळ्या जुन्या चर्चवाल्यांना पाठ असतं आणि त्याच्या बरोब्बर आधीचं कोणी वाचत नाही. ३९ वं वचन काढा, अन्य भाषा बोलायला मनाई करू नका असं सरळ लिहिलंय. आणि थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आत्म्याला विझवू नका असंही आहे. प्रेषितांची कृत्ये २ मध्ये वरच्या माडीवर जे झालं ते बघून लोक म्हणाले हे नवीन द्राक्षारस प्यायलेत. म्हणजे तेव्हा पण बघणाऱ्यांना ते शिस्तवार वाटलं नव्हतंच. दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे नाचला तेव्हा त्याच्या बायकोला, मीखलला, लाज वाटली, पण देवाला नाही वाटली.

आमच्याकडे रविवारी दहा वाजता उभं राहायला जागा नसते. तुमच्या चर्चमध्ये किती बाकं रिकामी असतात ते मोजा एकदा. मी स्वतः दारू सोडली ती कुठल्या छापील क्रमाने नाही सोडली.

पेटीवाला
मी एका चर्चमध्ये बरीच वर्षं पेटी वाजवतोय त्यामुळे थोडं बोलतो. तुम्ही सगळे दोन वेगवेगळी भांडणं एका पोत्यात भरताय. एक भांडण वाद्यांचं आणि आवाजाचं आहे, ते सवयीचं भांडण आहे. दुसरं भांडण कृपादानांचं आहे, म्हणजे अन्य भाषा, संदेश, आरोग्यदान हे आज आहे का आणि असेल तर तपासायचं कोणी. ड्रम वाजवणारा प्रत्येक जण अन्य भाषा बोलत नाही आणि अन्य भाषेत प्रार्थना करणाऱ्या कितीतरी आज्या मी बघितल्यात ज्या हार्मोनियमशिवाय दुसऱ्या कशावर गात नाहीत.

वाद्यांचं सांगतो. मावशी ज्या भजनांची आठवण काढतायत ती सुद्धा एकेकाळी नवीनच होती. मिशनऱ्यांनी आधी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले, ते गाताना आपल्या लोकांची जीभ अडखळायची. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांनी आणि त्यांच्यासारख्या लोकांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळं चर्चमध्ये आणलं. स्तोत्र १५० मध्ये तर झणझणणाऱ्या झांजांनी स्तुती करा असंच आहे. ऑर्गन काय यरुशलेमहून आलाय? त्यामुळे ड्रमवरून मंडळी फोडू नका, आवाज कमी करा आणि पुढे चला. माझी काळजी दुसऱ्या भांडणाची आहे, तो घणसोलीचा फ्लॅट.

नगरची_मावशी
पेटीवाले, टिळकांच्या भजनाला शब्द आहेत, अर्थ आहे, रडू येतं ऐकून. वीस मिनिटं "तू महान" म्हणण्याची बरोबरी त्याच्याशी करू नका हो.

केडगावची_लेक
मला इथे एक गोष्ट लिहावीशी वाटते कारण दोन्ही बाजू असं बोलतायत की हे सगळं अमेरिकेतून टीव्हीवरून आलंय. माझं माहेर केडगावचं, आजी मुक्ती मिशनमध्ये वाढली.

पंडिता रमाबाईंच्या मुक्तीमध्ये १९०५ च्या जूनमध्ये संजीवन झालं, म्हणजे लोकांचा विश्वास एकदम नव्याने पेटला. आदल्या वर्षी वेल्समध्ये सुरू झालेल्या संजीवनाच्या बातम्या आल्या होत्या, रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनेचे गट केले होते. मग मुली रडायला लागल्या, पाप कबूल करायला लागल्या, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायच्या, तासन् तास. एका मुलीवर आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली अशी नोंद आहे, तुम्ही मानायचं तर माना. पुढे तिथे अन्य भाषा पण झाल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची सभा, जिच्यापासून लोक पेंटेकॉस्टल चळवळ (अन्य भाषा, आरोग्यदान यांवर भर देणारी) मोजतात, ती एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाली. म्हणजे दौंड तालुक्यात आधी.

मुक्तीत मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन बाई काम करत होत्या, मूळच्या मेथडिस्ट. त्यांनी १९०६ मध्ये या सगळ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि चिलीमधल्या आपल्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवलं. त्यांचे यजमान विलिस हूव्हर तिथे वाल्पराइसोला मेथडिस्ट पाळक होते. १९०९ मध्ये तिथे संजीवन झालं, मेथडिस्ट मंडळीने ते खपवून घेतलं नाही, आणि त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या चळवळीचं एक मूळ पुणे जिल्ह्यात आहे, आणि आपण ठाण्यात बसून म्हणतोय की हे परदेशी फॅड आहे.

पण अग्नी भाऊ, तुमच्यासाठी पण आहे त्यात. अन्य भाषा आल्या तरच पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, हे रमाबाईंनी कधी मानलं नाही. ज्यांना आलं त्यांची त्यांनी बाजू घेतली, पण सगळ्यांना आलंच पाहिजे असं म्हटलं नाही. आणि त्या काळात त्या काय करत होत्या? मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर, शेती, छापखाना, दुष्काळातल्या मुलींची शाळा. नुसती सभा नव्हती.

पारख_ऐरोली
केडगावची_लेक यांची पोस्ट चांगली आहे, पण एखादी गोष्ट आपल्या जिल्ह्यात झाली म्हणून ती शास्त्राप्रमाणे झाली असं होत नाही. मी रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) विचारांचा आहे, माझं मत स्पष्ट सांगतो, चिन्हांची कृपादानं प्रेषितांच्या काळासाठी होती. इफिस २:२० म्हणतं मंडळी प्रेषित आणि संदेष्टे यांच्या पायावर बांधलीय, आता पाया एकदाच घालतात. १ करिंथ १३ मध्ये भाषा बंद पडतील असं लिहिलंय. अमेरिकन धर्मपंडित वॉरफिल्डने १९१८ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, २०१३ मध्ये अमेरिकन पाळक जॉन मॅकआर्थर यांनी याच विषयावर कॅलिफोर्नियात मोठी परिषद घेतली, त्यामुळे हे काही माझं घरगुती मत नाही.

आणि मूळ प्रश्न असा की आज जे चालतं ती भाषा आहे का? पेन्टेकॉस्टच्या दिवशी (प्रेषितांवर आत्मा उतरला तो, कृत्ये २) पार्थी, मेदी, एलामी, सगळ्या देशांच्या लोकांना आपापल्या भाषेत ऐकू आलं. १९०१ मध्ये टोपेका, कॅन्सस इथे चार्ल्स परहॅमच्या बायबल शाळेत जेव्हा हे सुरू झालं तेव्हा त्यांनाही वाटलं होतं की या खऱ्या परदेशी भाषा आहेत आणि मिशनऱ्यांना आता भाषा शिकायची गरज नाही. अझुसावरून गार नावाचं जोडपं १९०७ मध्ये कलकत्त्याला आलं, त्यांना वाटत होतं आपल्याला बंगाली मिळालीय. बंगाली माणसांना एक अक्षर कळलं नाही. विल्यम सॅमरिन या भाषातज्ज्ञाने १९७२ मध्ये बऱ्याच देशांतले नमुने तपासून लिहिलं की त्यात ध्वनी असतात, लय असते, पण भाषेसारखी रचना नसते, आणि ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषेतलेच असतात. ठाण्याच्या पोराच्या अन्य भाषेत कधी "ळ" आला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अग्नी_कोपरखैरणे
हाहा "ळ" चं चांगलं होतं. पण भाऊ १ करिंथ १३ पूर्ण वाचा, भाषा बंद पडतील कधी, तर "पूर्ण" येईल तेव्हा, आणि तेव्हा आपण समोरासमोर पाहू असं आहे. तुम्ही आत्ता समोरासमोर पाहताय का? मी तरी नाही. त्याच वचनात ज्ञान नाहीसं होईल असंही आहे, ते झालं का नाहीसं? आणि १४:२ मध्ये अन्य भाषा बोलणारा माणसांशी नाही तर देवाशी बोलतो. मग बंगाली माणसाला कळायची गरजच काय. ते गार जोडपं पण परत पळून नाही गेलं, कलकत्त्यात राहून त्यांनी सभा घेतल्या आणि लोकांवर परिणाम झालाच की.

पारख_ऐरोली
देवाशी बोलायचं असेल तर घरी बोला, २८ वं वचन तेच म्हणतं. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहा.

अग्नी_कोपरखैरणे
म्हणजे आहे हे मान्य, फक्त गप्प राहा 😄

वरच्या_मजल्यावरचा
मी ख्रिश्चन नाही, आगाऊपणा वाटला तर सांगा. आमच्या बिल्डिंगच्या खाली कमर्शिअल गाळ्यात अशी एक मंडळी भरते. माणसं अतिशय चांगली, लॉकडाऊनमध्ये अख्ख्या बिल्डिंगला भाजी-किराणा पोचवला होता त्यांनी. पण सबवूफर लावला की आमच्या काचा हलतात. रेसिडेन्शियल एरियात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. हे गणपती मंडळालाही सांगतो आणि तुम्हालाही सांगतो, त्यामुळे धर्माचा विषय नाही.

दुसरं विचारायचं होतं. आमच्या गावाला जत्रेत अंगात येतं लोकांना. खालची सभा एकदा दारातून बघितली तर मला तेच वाटलं. फरक काय नक्की?

नगरची_मावशी
बघा! बाहेरचा माणूस काय म्हणतो बघा. पौल पण हेच म्हणाला, बाहेरचे आत आले आणि सगळे अन्य भाषा बोलत असले तर तुम्ही वेडे आहात असं म्हणतील. १४:२३.

अग्नी_कोपरखैरणे
दादा आवाजाबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर. सेक्रेटरीला जाऊन भेटा, पोलिसात जाऊ नका, ऐकतील. अंगात येण्याबद्दल मात्र नाही पटलं. अंगात आलेल्या माणसाला नंतर आठवत नाही काय बोलला ते, आमच्याकडे माणूस शुद्धीत असतो, पाहिजे तेव्हा थांबू शकतो.

पेटीवाला
अग्नी भाऊ हे तुमच्याकडून लिहून घेतो. "पाहिजे तेव्हा थांबू शकतो." पौलाचं म्हणणं नेमकं हेच आहे, संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, १४:३२. मग रविवारी ज्या मुलीमुळे एवढं रामायण झालं तिला थांबता आलं असतं, आणि "आत्म्याने मला थांबू दिलं नाही" हे उत्तर चालणार नाही. आणि पारख भाऊ, त्याच अध्यायात दोघांनी, फार तर तिघांनी पाळीपाळीने बोलावं असं आहे म्हणजे पौल नियम घालून देतोय, बंदी घालत नाहीये. बंदीच घालायची असती तर त्या करिंथच्या लोकांना घालायला किती सोपं होतं, तिथे तर प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) काही जण उपाशी आणि काही जण नशेत अशी अवस्था होती.

गावठाणकर
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक, ठाण्याच्या गावठाणातले. तुमचं भांडण वाचून गंमत वाटली कारण आमच्याकडे हे भांडण पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलं. कॅथलिकांमधली करिश्माई (कृपादानांवर भर देणारी) चळवळ १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका रिट्रीटमधून निघाली, आणि सत्तरच्या दशकात मुंबईत आली. आमच्या आजोबांना अजिबात आवडायचं नाही, हात वर करून गाणं म्हणजे प्रोटेस्टंट झालात का म्हणायचे. आज माझी आई दर आठवड्याला प्रेयर मीटिंगला जाते, टाळ्या वाजवते, अन्य भाषेत प्रार्थना करते आणि रविवारी त्याच चर्चमध्ये गुडघ्यावर बसून अगदी शांतपणे मिस्सा ऐकते. घरी येऊन रोझरी. तिला यात काही विसंगती वाटत नाही.

पोप फ्रान्सिस पण आधी या लोकांना वैतागायचे. ब्राझीलहून परतताना २०१३ मध्ये विमानात पत्रकारांना त्यांनी स्वतः सांगितलं की सत्तर-ऐंशीच्या दशकात मला वाटायचं हे लोक पवित्र उपासना आणि सांबा नाचाची शाळा यात गल्लत करतात, नंतर जवळून बघितल्यावर मत बदललं. पुढे २०१९ मध्ये त्यांनीच या सगळ्यांसाठी रोममधून एक सेवा संस्था सुरू करवली.

आमच्यात टिकलं याचं कारण माझ्या मते एवढंच की वरती कोणीतरी आहे. प्रेयर ग्रुपला फादर असतात, बिशप आहेत, कोणी उठून काहीही संदेश दिला तर विचारणारा आहे. तुमच्या हॉलवाल्या मंडळ्यांमध्ये पाळकाला विचारणारा कोण?

अग्नी_कोपरखैरणे
देव विचारतो 🙂 पण ठीक आहे, पॉइंट आहे. आमच्याकडे मंडळीचे वडील (कारभारी ज्येष्ठ) आहेत, पण ते पाळकांचेच मेव्हणे आहेत.

नेरूळ_सिस्टर
मी नर्स आहे, हॉस्पिटलचं नाव नको. गाणं, नाच, पडणं, भाषा, मला कशाचंच काही नाही, मी स्वतः पेंटेकॉस्टल घरातली आहे. पण आरोग्यदानाबद्दल लिहितेच. आमच्या वॉर्डला एक काका आले, शुगर पाचशेच्या वर, श्वास जोरजोरात, पोट दुखतंय. घरच्यांना विचारलं इन्सुलिन कधीपासून बंद आहे, कोणी बोलेना. शेवटी सुनेने सांगितलं, सभेत प्रार्थना झाली, तू बरा झालास असं जाहीर झालं, साक्ष दिली, फोनवर व्हिडिओ पण काढला. इन्सुलिन फ्रीजमध्ये तसंच. काका वाचले पण आयसीयूत राहून, आणि तो व्हिडिओ अजून फिरतोय. कोणत्या सभेत ते मी लिहिणार नाही, इथे त्याचा उपयोग नाही.

मी प्रार्थनेच्या विरोधात नाही. नाईटला मी प्रत्येक बेडपाशी मनात करते. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, करा. पण पौलाने आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं, अभिषेक घे नाही म्हणाला. त्रफिमाला आजारी असताना मिलेतात सोडून आला, २ तीमथ्य ४:२०. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे त्याच पौलाचा सोबती आजारीच राहिला. आणि लूक वैद्य होता. मग तुमच्या सभेतल्या माणसाला बरा नाही झाला म्हणजे तुझा विश्वास कमी असं कोणत्या तोंडाने सांगता?

कायद्याचं पण माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराचा देखावा करून फसवणं, पैसे उकळणं हा गुन्हा आहे. आणि १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, ज्यात मधुमेहासकट कितीतरी आजार अद्भुत उपायाने बरे करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. ताईत काय आणि आशीर्वादाची तेलाची बाटली काय, पोलिसाला फरक पडत नाही.

पारख_ऐरोली
सिस्टर, या पोस्टसाठी धन्यवाद. मी म्हणतो ते हेच.

नेरूळ_सिस्टर
नाही दादा, तुम्ही म्हणता ते हे नाही. तुम्ही म्हणता देव आता असं करतच नाही. मी म्हणते करतो, पण आधी रिपोर्ट बघू. औषध डॉक्टर बंद करतील, पाळक नाही.

अग्नी_कोपरखैरणे
सिस्टर आमचे पाळक औषध चालू ठेवा असंच सांगतात, सगळ्यांना एका काठीने हाकू नका. पण साक्षीचं खरं आहे, आमच्याकडे साक्ष देताना कोणी कागद मागत नाही. मागायला पाहिजे.

शुक्रवारवाली
मी या धाग्याच्या विषयातल्या चर्चची आहे, कोपरी सेक्रेटरी काकांना मी कोण ते कळेल, चालेल. रविवारी बोलली ती मी नाही, माझी मैत्रीण.

सगळे मोठे लोक वचनांचे नंबर टाकतायत, बरं वाटलं वाचून. पण कोणी विचारलं नाही की पोरं शुक्रवारी का येतात. ड्रमसाठी नाही येत. माझ्या त्या मैत्रिणीच्या बाबांची कंपनी रबाळ्याची, बंद झाली, घरात भांडणं, ही बारावीला. रविवारी चर्चमध्ये लोक विचारायचे बाबा कसे आहेत आणि उत्तर ऐकायच्या आधी चहाच्या रांगेत जायचे. शुक्रवारी पहिल्यांदा कोणीतरी हिच्या डोक्यावर हात ठेवून पंधरा मिनिटं प्रार्थना केली. ती रडली, आणि मग तिच्या तोंडून जे आलं ते आलं. पारख दादा त्यात "ळ" होता का मी बघितलं नाही.

दुसरं. आमच्या चर्चमध्ये मुलींचं काम म्हणजे फुलं, चहा, संडे स्कूल. शुक्रवारी मुलगी उभी राहून प्रार्थना चालवते, संदेश देते. जुन्या करारात योएलच्या पुस्तकात तुमचे पुत्र आणि तुमच्या कन्या संदेश देतील असं आहे आणि पेत्राने पेन्टेकॉस्टच्या दिवशी तेच वचन सांगितलं. केडगावच्या ताईंनी लिहिलंय ते सगळं बायकांनीच केलं होतं ना? मग कमिटीत किती बायका आहेत काका?

पण फ्लॅटचं चुकीचं झालं हे आम्हाला पण माहितीये. तो संदेश पाहुण्यांपैकी एकाने दिला, ते परत आलेच नाहीत. ज्यांनी टोकन सोडलं ते आता आमच्याशी पण बोलत नाहीत.

केडगावची_लेक
शाब्बास पोरी.

नगरची_मावशी
बाळा, तुझ्या मैत्रिणीला माझ्याकडे घेऊन ये. मी काही तिला ओरडणार नाही. पण रविवारी मध्येच नको हो, मला खरंच कळलं नाही काय चाललंय आणि मी घाबरले. (हो, बाहेर गेलेल्या दोघांत एक मी.)

पेटीवाला
घ्या! मावशी तुम्ही ठाण्यातच का 😄

संदेशाचं तेवढं बोलतो आणि थांबतो. जुन्या करारात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात कसोटी आहे, बोललेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हतं. नव्या करारात दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी असं आहे. म्हणजे संदेश देणाऱ्याने सांगायचं आणि निघून जायचं, ही पद्धत दोन्हीकडे बसत नाही. पाहुण्याच्या संदेशाची पारख करणार कोण, तो तर पुढच्या शुक्रवारी कल्याणला. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ सांगितला तेव्हा अंत्युखियाच्या लोकांनी पैसे गोळा करून यहूदियातल्या बांधवांना पाठवले, म्हणजे संदेशातून दुसऱ्याला मदत झाली. कोणी कोणाला फ्लॅट घेऊ नको, अमक्याशी लग्न कर, एवढं दान दे असं सांगायला लागला की मी पेटी बंद करून घरी जातो.

कोपरी_सेक्रेटरी
सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. परवा कमिटीची बैठक झाली, साडेतीन तास. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मुद्दे मी छापून नेले होते. ठरलं ते असं की शुक्रवारची सभा चालू राहील पण पाळकसाहेब किंवा कमिटीतलं कोणीतरी शेवटपर्यंत बसेल. बाहेरचा वक्ता आधी विचारल्याशिवाय नाही. अन्य भाषा मोठ्याने असेल तर १४ व्या अध्यायाप्रमाणे पाळीपाळीने आणि अर्थ सांगणारा असेल तरच, नाहीतर मनातल्या मनात. लग्न, घर, नोकरी, पैसा यावर कोणालाही वैयक्तिक संदेश नाही, बाकीचा संदेश आधी पाळकांना सांगायचा. औषधाबद्दल सिस्टरचं वाक्य जसंच्या तसं ठरावात घातलं. रविवारच्या क्रमात एक नवीन गीत युवकांचं, आणि मध्यस्थीची प्रार्थना आता युवक संघातली मुलगी चालवेल, लिहून आणून. टोकनच्या पैशांबद्दल त्या कुटुंबाला भेटायला मी आणि पाळकसाहेब जाणार आहोत, ते दार उघडतील की नाही बघू. कमिटीत बायका किती या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला लाज वाटते, निवडणूक एप्रिलमध्ये आहे.

एका ज्येष्ठ सभासदांनी राजीनामा दिलाय, आणि युवकांपैकी पण काही जण या शुक्रवारी आले नाहीत.

अग्नी_कोपरखैरणे
ठराव, रजिस्टर, आधी पाळकांना सांगा... पवित्र आत्म्याला पण आता अर्ज भरावा लागेल तुमच्याकडे. जे नाही आले ते कुठे गेले मला माहितीये, रविवारी आमच्याकडे दिसले. त्यांना मी परत पाठवणार नाही, पण ओढून पण आणलेलं नाही एवढं सांगतो.

पारख_ऐरोली
अर्ध्यावर थांबलात. अर्थ सांगणारा खरा की खोटा हे तपासणार कसं? एकाच माणसाची रेकॉर्डिंग दोघांना वेगवेगळी ऐकवा आणि अर्थ जुळतो का बघा.

शुक्रवारवाली
दादा करून बघू, तुम्ही पण या शुक्रवारी. साडेसात.

वरच्या_मजल्यावरचा
खालच्या मंडळीच्या सेक्रेटरींना भेटलो. सबवूफर भिंतीपासून हलवला, फरक पडलाय. तुमच्या ठाण्याच्या हॉलच्या वर कोणी राहतं का?

कोपरी_सेक्रेटरी
वर नाही पण मागच्या बाजूला सोसायटी आहे, दोनदा येऊन गेलेत. पेटीवाले, ड्रमच्या भोवती ती पारदर्शक शीट लावतात ती ठाण्यात कुठे मिळते? की सरळ ड्रम काढून कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि ढोलक ठेवू?

पेटीवाला
शीटने समोरचा आवाज कमी होतो, मागच्या भिंतीकडून घुमतो तो तसाच राहतो, वर छत पण झाकावं लागतं. तुमच्या हॉलला ढोलक पुरे. वाजवणारा आहे का पण कोणी?

नगरची_मावशी
माझा नातू वाजवतो. ऐरोलीवरून येईल, ट्रेनचं भाडं तुम्ही द्या.